पंधरावी फरशी

शारजात रोल्यामागच्या गल्लीत आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, मेडिकल, हरवलेल्या पासपोर्टची कैफियत,
सगळं मी टाईप करते, उजवीकडून डावीकडे.
मी बाणकोटची. मराठी चुलीपाशी शिकले,
अरबी आधी नमाजासाठी, मग पोटासाठी.

ती आली तेव्हा अस्रची अजान संपत होती.
गॉगल घालून आली, आत एसीत बसली, तरी गॉगल तसाच.
म्हणाली, ताई,
नवऱ्याला लांब ठेवायचा अर्ज असतो म्हणे.

असतो.
नाव? यामिनी पाटणे.
स्पॉन्सर? तोच.
भाडेकरार कुणाच्या नावे? त्याच्याच.
मोबाईलचं सिम? तेही.
थोडा वेळ गप्प राहिली, मग हसली.
माझ्या नावावर भिशीचा सातवा नंबर आहे फक्त.

काय झालं ते सांग.
हात उचलला, म्हणाली.
अरबीत नुसता हात उचलला
तर टॅक्सीसुद्धा थांबते, बाई.
इथे सगळं लागतं. कोणत्या दिवशी, कशाने, कुठे लागलं,
दवाखान्याचा कागद आहे का, कुणी पाहिलं का.
पोळपाटाने.
सासूबाईंनी अंबाजोगाईहून पाठवलेला, संगमरवरी.
पोळपाटाला शब्द सापडेना.
लिहिलं, गोल दगडी फळी, रोटी लाटण्याची.
पडद्यावर ते किती सोज्वळ दिसलं.

कोणता हात?
उजवा.
यमीन, मी टाईप केलं,
आणि बोट थांबलं.
एक अलिफ गाळला
तर तिच्या नावाचीच अक्षरं ती.
तिला नाही सांगितलं.

आई म्हणते भांड्याला भांडं लागतंच, ते लिहायचं का?
त्याला रकाना नाही, म्हटलं.

आठवड्याने शिक्का मारलेला हुकूम घेऊन आली.
वाचून दाखव, मराठीत.
वाचला.
त्याने जवळ यायचं नाही. घरात शिरायचं नाही.
फोन नाही, निरोप नाही, मित्राच्या तोंडून माफी नाही.
तुझ्या सामानाला हात नाही.
मोडलं तर दंड, नाहीतर कोठडी.
मुदत तीस दिवस. वाढवून मिळेल, अर्ज केल्यास.
'अर्ज केल्यास' तिने पुन्हा वाचायला लावलं.

आणि व्हिसा? त्याने रद्द केला तर?
त्याबद्दल हा कागद बोलत नाही, म्हटलं.
कागदाने सगळंच कसं बोलावं.
एका बाईचा नंबर लिहून दिला,
ती त्या दुसऱ्या कागदाचं बघते.

जवळ म्हणजे किती गं?
तो आमच्याच बिल्डिंगीत आहे, चौथ्यावर, मित्राकडे.
लिफ्ट एकच.
लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत एकेचाळीस फरश्या.
पंधरावीचा कोपरा उडालाय,
तिथे त्याची चप्पल अडखळते.
तेवढ्या आवाजाने मी झोपेतून उठते,
गॅस बंद आहे का बघते,
मुलाच्या खोलीचं दार लावते,
मग तो बेल वाजवतो.
असं लिहिता येईल का,
पंधराव्या फरशीच्या अलीकडे यायचं नाही?

हुकमात नाही लिहिता येत.
तरी वेगळा अर्ज केला,
'इतर माहिती'च्या रकान्यात घातली फरशी,
कोपऱ्यासकट.
कुणी वाचली की नाही, अल्ला जाणे.

सव्विसाव्या दिवशी मुदतवाढीला आली.
मोबाईल नंबर? विचारलं.
पर्समधून चिठ्ठी काढली, एकेक आकडा बघून सांगितला.
नवा आहे, अजून पाठ नाही झाला.

लिफ्ट चौथ्यावर थांबली
की अजून मी श्वास धरते, म्हणाली,
दोनदा थांबली कालच.
दोन्ही वेळा पेपरवाला.

वीस दिरहम ठेवले.
राहू दे, म्हटलं.
नको. पावती कर.
माझ्या नावाची.
मी केली,
अलिफ नीट जागेवर आहे ना, ते दोनदा पाहून.